जुन्या बाटल्या, जुने दावे: 'पेटंट' औषधांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पंचवीस-सव्वीस वर्षं मेडिकलच्या काउंटरमागे उभा राहिलो, तेव्हापासूनचा हा नाद. जुन्या औषधांच्या बाटल्या, पत्र्याच्या डब्या, लेबलं, पेपरातल्या जाहिरातींची कात्रणं. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवार-रविवार चक्कर असतेच, घरच्यांनी आता बोलणं सोडलंय. पण जो कोणी कपाट बघतो तो तेच तेच प्रश्न विचारतो, म्हणून एकदाची उत्तरं लिहून काढली. क्रम वगैरे फार लावलेला नाही.

पेटंट औषध म्हणजे पेटंट घेतलेलं औषध ना?

नाही हो, बहुतेकांचं पेटंट कधी नव्हतंच. शब्द आला इंग्लंडच्या राजाच्या सनदेवरून. राजा एखाद्याला सनद द्यायचा की हा माल फक्त तूच विकायचा, तसं १६९८ मध्ये नेहेमाया ग्रू नावाच्या माणसाला एप्सम सॉल्टसाठी मिळालं. पुढे नाव तेवढं चिकटून राहिलं. कारण साधं आहे, पेटंट घ्यायचं तर कृती सरकारला लिहून द्यावी लागते, आणि कृती लिहून दिली की शेजारचा दुकानदार उद्या तेच बनवणार. शिवाय गिऱ्हाईकाला कळणार की आत काय आहे, ते तर त्याहून वाईट. म्हणून या मंडळींनी नाव, लेबल, बाटलीचा आकार, सहीचा ठसा असं सगळं रजिस्टर केलं आणि आतला माल गुपित ठेवला. अपवाद होते. टेक्सासमधल्या विल्यम रॅडम नावाच्या माळीबुवांनी १८८६ मध्ये 'मायक्रोब किलर'चं खरोखरचं पेटंट घेतलं होतं, सगळे रोग जंतूंमुळे होतात आणि हे जंतू मारतं म्हणून हे सगळ्या रोगांवर चालतं असा सरळ हिशोब. तपासलं तर जवळजवळ सगळं पाणी, त्यात किंचित गंधकाचं आम्ल.

आपल्याकडे अजून 'सर्दीवर माझं पेटंट औषध' किंवा 'त्याचा पेटंट डायलॉग' म्हणतात ना, म्हणजे ठरलेलं, हमखास. मला वाटतं हा अर्थ त्या जाहिरातींतूनच आपल्या बोलण्यात झिरपला असणार.

मग आत असायचं तरी काय?

ढोबळ मानाने चार गोष्टी. दारू, अफू, जुलाब आणि नुसतंच पाणी.

दारूचं बघा. ओहायोमधलं डॉ. हार्टमनचं 'पेरुना' हे १९०० च्या आसपास अमेरिकेत तुफान खपायचं, त्यात साधारण २८ टक्के अल्कोहोल. आपल्याकडची व्हिस्की ४२.८ टक्के असते, म्हणजे पाणी घालून तयार केलेला पेगच, आणि हा पेग चमचा-चमचा करत दिवसातून कितीदा तरी घ्यायचा. १९०५ मध्ये तिथल्या सरकारने मूळ रहिवाशांच्या वस्त्यांमध्ये पेरुना विकायला बंदी घातली, कारण त्यांना दारू विकायला आधीच मनाई होती आणि हे औषध म्हणून आत जात होतं. लिडिया पिंकहॅमबाईंचं बायकांच्या तक्रारींवरचं काढ्यासारखं औषध, त्यात १८-२० टक्के. दारूबंदीसाठी मोर्चे काढणाऱ्या बायका घरी येऊन हे चमच्याने घ्यायच्या आणि त्यात त्यांना काही वावगं वाटायचं नाही, औषध ते औषध.

जुलाबाच्या गोळ्यांचा राजा म्हणजे बीचम. थॉमस बीचम हा लहानपणी मेंढ्या राखणारा पोरगा, त्याने लँकशायरमध्ये कारखाना काढला आणि 'डबीची किंमत एक गिनी' म्हणजे खरं मोल एकवीस शिलिंग अशी जाहिरात केली. प्रत्यक्षात डबी मिळायची १ शिलिंग दीड पेनीला. १९०९ मध्ये ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने अशा गुपित औषधांचं विश्लेषण करून पुस्तकच छापलं, त्यात बीचमच्या गोळीत निघालं काय, तर काळा बोळ, सुंठ आणि साबण. बस. ५६ गोळ्यांच्या मालाची किंमत धरली अर्धा फार्दिंग, म्हणजे पेनीचा आठवा भाग. आपल्याकडच्या कुठल्याही काष्ठौषधीच्या दुकानात काळा बोळ आणि सुंठ आजही पुडीत बांधून मिळेल, साबण घरचा वापरा.

तो दीड पेनीचा आकडा कुठून आला माहितीय? ब्रिटनमध्ये १७८३ पासून अशा औषधांवर स्टँप ड्युटी होती. शिलिंगभर किमतीच्या मालाला दीड पेनीचं तिकीट बुचावरून चिकटवायचं. आता सरकारी तिकीट चिकटलेलं बघून लोकांना काय वाटणार? सरकारने पास केलंय! कंपन्यांनाही ते हवंच होतं. शेवटी तिकिटावरच छापावं लागलं की या तिकिटाचा अर्थ सरकारी हमी असा नाही. पण बुचावरच्या तिकिटावरची बारीक अक्षरं वाचतो कोण.

लोक इतके भोळे कसे होते?

हा प्रश्न विचारणारा माणूस सहसा फोनवर आलेलं कुठलं तरी चूर्ण मागवून बसलेला असतो, पण असो.

त्या काळचे खरे डॉक्टर काय करायचे ते आधी बघा. रक्त काढायचे, पाऱ्याचं कॅलोमेल द्यायचे की दात हलायला लागेपर्यंत द्यायचे. १७९९ मध्ये जॉर्ज वॉशिंग्टनचा घसा सुजला तर डॉक्टरांनी काही तासांत अंदाजे दोन लिटर रक्त काढलं, त्याच रात्री तो गेला. अशा डॉक्टरची फी भरण्यापेक्षा शिलिंगभराची डबी आणून घरी झोपणं हा फार मूर्ख निर्णय नव्हता. सुंठ-साबणाने निदान कोणी मरत नव्हतं.

दुसरं म्हणजे बरं वाटायचं. खरंच वाटायचं. अफूने दुखणं थांबतं, खोकला थांबतो, जुलाब थांबतात, झोप लागते. दारूने दोन तास सगळं छान असतं. आणि सर्दी, पाठदुखी, अशक्तपणा हे बरेचदा आपोआप उतरतं, पण श्रेय त्या आठवड्यात जी बाटली उघडी असेल तिला जातं. मी काउंटरवर हे रोज बघितलंय, माणूस रिकामी पट्टी घेऊन येतो आणि म्हणतो 'हीच द्या, मागच्या वेळी हिनेच गुण आला होता', आणि ती असते साध्या व्हिटॅमिनची.

स्नेक ऑइल खरंच सापाचं असायचं का?

असायला हवं होतं. क्लार्क स्टॅनली नावाचा एक नमुना होता, स्वतःला रॅटलस्नेक किंग म्हणवून घ्यायचा, १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात लोकांसमोर जिवंत साप चिरून दाखवायचा असं त्याचं नाव झालं. पुढे सरकारी रसायनशाळेने त्याचं तेल तपासलं तर खनिज तेल, थोडीशी चरबी (बहुतेक गाईची), मिरचीचा अर्क आणि कापूर-टर्पेंटाइनचा वास. सापाचा पत्ताच नाही. दंड झाला २० डॉलर. मिरची आणि कापूर असल्यामुळे चोळल्यावर गरम वाटत असणार, आपल्या बामसारखंच, म्हणजे तेल म्हणून ते अगदीच टाकाऊ नव्हतं. साप मात्र फुकट गेले.

कोका-कोला पण औषध होतं म्हणे?

हो. १८८६, अटलांटा, जॉन पेम्बरटन, डोकेदुखी आणि थकव्यावरचं टॉनिक म्हणून. कोकाच्या पानांचा अर्क असायचा, कोकेन १९०३ च्या सुमारास काढलं. सेव्हन-अपमध्ये १९४८ पर्यंत लिथियमचं क्षार होतं. आणि १८९८ मध्ये बायर कंपनीने खोकल्यावरचं नवीन औषध काढलं, त्याचं ब्रँडनेम होतं हेरॉईन. हे ऐकून सगळे दचकतात, पण तेव्हा ते उघड उघड डॉक्टरांना विकलं जात होतं, लपूनछपून काही नव्हतं.

लहान बाळांना अफू द्यायचे हे खरं आहे का?

खरं आहे, आणि या सगळ्यातला मला सर्वात जास्त लागलेला भाग हाच.

अमेरिकेत १८४९ पासून 'मिसेस विन्स्लोज सूदिंग सिरप' मिळायचं, दात येताना रडणाऱ्या बाळासाठी. जाहिरातीत गुबगुबीत बाळ, प्रसन्न आई, कॅलेंडरं, पाककृतींची छोटी पुस्तकं. आत मॉर्फिन, दर औंसाला साधारण ६५ मिलिग्रॅम. बाळ शांत व्हायचं यात नवल नाही, काही बाळं उठलीच नाहीत. १९११ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनने त्याला सरळ बालघातकी औषधांच्या यादीत टाकलं, तरी ते दुकानात राहिलं, मॉर्फिन काढून नंतर कितीतरी वर्षं खपलं.

यावर 'तिकडचे लोक' म्हणून नाक मुरडायची आपल्याला सोय नाही. मुंबईच्या गिरणगावात अफूची बाळागोळी होती. पहाटे पाळी गाठायची, दहा तास साच्यावर उभं राहायचं, पोर सांभाळायला एक म्हातारी आणि तिच्याकडे आणखी चार पोरं, मग सकाळी एक गोळी आणि संध्याकाळी एक. १९२० च्या दशकात गिरणीतल्या बाळंतिणींच्या पाहण्या झाल्या त्यात हे सगळं नोंदलेलं आहे, तान्ह्या पोरांना अफू देणं हा अपवाद नव्हता, रोजचा रिवाज होता. जाहिरात नाही, गुबगुबीत बाळाचं चित्र नाही, पुडीतून मिळायची. बायकांना दोष देणारे तेव्हाही होते. पाळणाघर नाही, बाळंतपणाची रजा नाही, मुंबई प्रांतात बाळंतपणाच्या भत्त्याचा कायदा आला तोच १९२९ मध्ये. पोर रडलं तर म्हातारीने काय करायचं होतं?

ग्राईप वॉटर याच्यातच येतं का?

थोडंफार. विल्यम वुडवर्डने १८५१ मध्ये नॉटिंगहॅमला बनवायला घेतलं, बडीशेपेच्या चुलत भावासारखं शेपूचं तेल, खायचा सोडा, साखर आणि ३.६ टक्के अल्कोहोल. बिअरपेक्षा थोडंच कमी. अफू नव्हती ही मोठीच गोष्ट. लेबलवर दोन साप गळा दाबून मारणारं बाळ आहे ना, तो ग्रीक गोष्टीतला बाल हर्क्युलिस, आमच्या घरी मात्र लहानपणी आजी तो कृष्ण आहे म्हणून सांगायची आणि आम्हाला कधी शंका आली नाही. ब्रिटनमध्ये अल्कोहोल काढायला १९९० चं दशक उजाडलं.

हे सगळं आपल्याकडे कसं पोहोचलं?

दोन वाटांनी, पेपर आणि पोस्ट. १८७७ मध्ये पोस्टाने व्ही.पी.पी. सुरू केली, म्हणजे पार्सल आल्यावर पोस्टमनच्या हातात पैसे द्यायचे. ही व्ही.पी. म्हणजे या धंद्याचं इंजिन. सांगोल्यातला माणूस मुंबईच्या काळबादेवीतून किंवा जामनगरहून औषध मागवू शकतो, गावातल्या वैद्याला किंवा डॉक्टरला तोंड दाखवायला नको. लाजेची दुखणी असतील तर विचारूच नका. जामनगरच्या आतंक निग्रह गोळ्यांच्या जाहिराती पश्चिम भारतातल्या पेपरांत वर्षानुवर्षं आल्या, सोबत फुकट पुस्तक. पुढे १९३० च्या दशकात बर्लिनहून आलेलं ओकासा, पुरुषांना रुपेरी आणि बायकांना सोनेरी गोळ्या, हार्मोन हा नवा शब्द घेऊन. तारुण्य, शक्ती, धातू, स्मरणशक्ती. शब्द बघितले तर आजच्या रेल्वेरुळालगतच्या भिंतींवरचेच, रंग तेवढा वेगळा.

विलायती माल तर आधीपासून होता. हॉलोवेच्या गोळ्या आणि मलम, थॉमस हॉलोवेने जाहिरातीवर वर्षाला हजारो पौंड उडवले, वापरायची माहिती जगभरच्या भाषांत छापून घेतली, आणि त्याच्या पैशातून लंडनजवळ बायकांसाठी कॉलेज उभं राहिलं, ते उघडलं तो मेल्यावर, कॉलेज आजही आहे. डॉ. विल्यम्सच्या पिंक पिल्स. आणि क्लोरोडाईन. हे शेवटचं तर खास हिंदुस्थानशी जोडलेलं, डॉ. जॉन कॉलिस ब्राउन हा इथल्या लष्करातला डॉक्टर, त्याने १८४८ च्या सुमारास कॉलऱ्यासाठी बनवलं, अफूचा अर्क, भांगेचा अर्क आणि क्लोरोफॉर्म. जुलाब थांबायचे, कॉलरा नाही थांबायचा, कारण कॉलऱ्यात माणूस मरतो अंगातलं पाणी संपून आणि त्यावर हे काहीच करत नाही. पण खोकला, पोटदुखी, झोप, सगळ्यावर चालतं म्हणून साहेबाच्या प्रवासी पेटीत ती बाटली असायचीच.

मग देशी मंडळी उतरली आणि त्यांनी तंत्र झटकन उचललं. वरळीला डॉ. एच. एल. बाटलीवाला यांची लॅबोरेटरी, हिवतापाचं मिक्श्चर आणि गोळ्या, आडनावच असं की जाहिरातीला वेगळं डोकं लावायला नको. १८९३ मध्ये मुंबईतच काशिनाधुनी नागेश्वर राव यांनी अमृतांजन काढलं, गाण्याच्या मैफिलींत फुकट वाटायचे म्हणे, कारखाना मद्रासला गेला तो १९१४ मध्ये. अमृतांजन मी यांच्या रांगेत बसवत नाही, कपाळाला चोळून गार-गरम वाटणं एवढंच त्याचं काम आणि ते काम ते करतं. पण विकायची रीत तीच होती.

या बाटल्यांवर डोस कसा लिहिलेला असायचा?

सहसा मोघम. 'मोठ्यांना एक चमचा', आता चमचा कुठला ते तुम्ही ठरवा. याच्या उलट आपल्या जुन्या दवाखान्यातली मिक्श्चरची बाटली आठवा, बाटली घरून न्यायची, कंपाउंडर त्यात लाल-गुलाबी पाणी भरायचा आणि बाजूला कागदाची खाचा पाडलेली पट्टी डिंकाने चिकटवायचा, एक खाच म्हणजे एक डोस, अडाणी माणसालाही कळायचं. माझ्याकडे अशी एक पट्टीसकट बाटली आहे, आठ खाचा, कडेला डिंकाचा ओघळ. शेजारीच एक विलायती बाटली आहे तिच्या लेबलवर बावीस रोगांची नावं आहेत, मी मोजलीत. डोसाला एक ओळ.

पेपरवाले असल्या जाहिराती छापायचेच कशाला?

पैसा. अमेरिकेतल्या पेपरांचं जाहिरातीचं उत्पन्न बऱ्याच प्रमाणात यांच्यावरच चालायचं. आणि नुसती जाहिरात नव्हती, करारात एक कलम असायचं. फ्रँक चेनी नावाचा 'हॉल्स कॅटार क्युअर'चा मालक, त्याची ही आयडिया: तुमच्या राज्यात पेटंट औषधांविरुद्ध कायदा झाला तर हा जाहिरातीचा करार रद्द. लाल अक्षरात छापायचे म्हणून 'रेड क्लॉज'. म्हणजे कायद्याचं बिल आलं रे आलं की पेपरवाला स्वतःच आमदाराच्या दारात, याला म्हणतात सोय. १९०५ मध्ये कॉलियर्स साप्ताहिकाने हे कलमच छापून टाकलं. त्याच साप्ताहिकात सॅम्युअल हॉपकिन्स अ‍ॅडम्स यांनी लेखमाला चालवली, एकेका औषधाचं नाव घेऊन, आत काय निघालं ते सांगून.

लिडिया पिंकहॅमचा किस्सा त्याच वर्षातला. जाहिरात म्हणायची, बायांनो, पुरुष डॉक्टरला कशाला सांगता, मिसेस पिंकहॅमला पत्र लिहा, बाईच बाईचं दुखणं जाणते. हजारो बायका लिहायच्या, अगदी खाजगी, उत्तरंही यायची. लेडीज होम जर्नलने पिंकहॅमबाईंच्या थडग्याच्या दगडाचा फोटो छापला. त्या १८८३ मध्येच वारल्या होत्या! बावीस वर्षं पत्रांना उत्तरं ऑफिसातल्या टायपिस्ट देत होत्या. एवढं होऊनही कंपनी बंद पडली नाही, हे मला त्या फोटोपेक्षा जास्त नवलाचं वाटतं.

सगळ्यात भयानक कुठलं?

रॅडिथॉर. न्यू जर्सीचा विल्यम बेली, स्वतःला डॉक्टर म्हणवायचा, होता मात्र नाही. १९२५ पासून छोट्या छोट्या बाटल्यांत शुद्ध पाण्यात रेडियम घालून विकायला लागला. शक्तिवर्धक म्हणून. आणि कटू भाग असा की यात फसवणूक नव्हती, बाटलीत सांगितलेलं रेडियम खरंच होतं. एबेन बायर्स नावाचा श्रीमंत गोल्फपटू, हात दुखावला म्हणून कोणीतरी सुचवलं, बरं वाटलं, मग रोज घ्यायला लागला, हजाराहून जास्त बाटल्या प्यायला. रेडियम कॅल्शियमसारखं हाडात जाऊन बसतं. जबडा गळून पडला, कवटीला भोकं पडली, १९३२ मध्ये गेला, शिशाच्या पेटीत पुरला. रेडियमचं अर्ध-आयुष्य १६०० वर्षं, त्यामुळे त्या रिकाम्या बाटल्या संग्रहालयात आजही किरणं सोडत बसल्यात. माझ्याकडे नाही. मिळाली तरी नको.

बंद कसं झालं मग?

एकदम झालं नाही, तुकड्यातुकड्याने, आणि दर वेळी पळवाट ठेवून.

अमेरिकेत ३० जून १९०६ चा कायदा. त्याने काही विकायला बंदी नाही घातली. फक्त एवढंच म्हटलं की अल्कोहोल, अफू, मॉर्फिन, कोकेन, भांग वगैरे मोजकी द्रव्यं असतील तर लेबलवर लिहा. तेवढ्यानेच किती औषधांचं कंबरडं मोडलं बघा, कारण मॉर्फिन हा शब्द वाचून कुठली आई बाळाला चमचा पाजेल? माझ्या मते या सगळ्या इतिहासात सगळ्यात कामाची गोष्ट हीच, आतला माल बाहेर लिहायला लावणं. बाकीचे कायदे याच्यापुढे फिके.

पण 'कॅन्सर बरा करतो' असं खोटं लिहिलं तर? १९११ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की हा कायदा आत काय आहे त्याच्या खोटेपणाला लागू, गुणाच्या दाव्याला नाही. म्हणून १९१२ मध्ये दुरुस्ती केली, तर त्यात फसवायचा हेतू सिद्ध करायला लागायचा, विकणारा म्हणणार माझा मनापासून विश्वास होता. झालं. कार्टरच्या लिव्हर पिल्सच्या नावातून 'लिव्हर' शब्द काढायला सरकारला सोळा वर्षं भांडावं लागलं, १९५९ उजाडलं.

१९३७ मध्ये टेनेसीतल्या एका कंपनीने जंतुसंसर्गावरचं सल्फा औषध पातळ करून विकलं, 'एलिक्सिर सल्फानिलामाइड', रासबेरीची चव. विरघळवायला वापरलं डायएथिलीन ग्लायकॉल, जे विष आहे. शंभरावर माणसं गेली, त्यात कितीतरी पोरं. आणि सरकारला ते जप्त करता आलं ते कुठल्या कलमाखाली, तर 'एलिक्सिर' म्हटलं की त्यात अल्कोहोल असायला हवं आणि यात नाही, म्हणून लेबल चुकीचं! नुसतं माणसं मारणं गुन्ह्यात बसत नव्हतं. १९३८ मध्ये कायदा बदलला, आता विकायच्या आधी सुरक्षित आहे हे दाखवा. तेच ग्लायकॉल १९८६ मध्ये मुंबईत जे. जे. हॉस्पिटलमध्ये ग्लिसरीनमधून आलं, चौदा रुग्ण गेले, चौकशीला लेंटिन आयोग बसला. तेव्हा मी या धंद्यात नवा होतो, दुकानात ग्लिसरीनची बाटली उचलताना हात थबकायचा.

ब्रिटनमध्ये तर नशीबच फुटकं. संसदेच्या समितीने दोन वर्षं साक्षी काढल्या, जाडजूड अहवाल केला, आणि तो प्रसिद्ध झाला ४ ऑगस्ट १९१४ ला. त्याच दिवशी ब्रिटन महायुद्धात उतरलं. कोण वाचतोय. तिथे घटक लिहायची सक्ती यायला १९४१ उजाडलं.

भारतात कायदा कधी आला?

१९३०-३१ मध्ये कर्नल रामनाथ चोप्रा यांची समिती, तिच्या शिफारशींवरून १९४० चा औषध कायदा. आणि जाहिरातींसाठी खास १९५४ चा 'ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज' कायदा. नावातच जादू आहे. त्याच्या परिशिष्टात ५४ दुखणी आहेत ज्यांच्यावर इलाज म्हणून जाहिरात करताच येत नाही: कॅन्सर, मधुमेह, कोड, मोतीबिंदू, लठ्ठपणा, वांझपण, नपुंसकता, इतकंच काय उंची वाढवणंसुद्धा. ताईत आणि मंत्रही यात धरलेत. पहिल्यांदा सापडलात तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. हमदर्द दवाखाना सुप्रीम कोर्टात गेलं की हे भाषणस्वातंत्र्यावर घाला आहे, डिसेंबर १९५९ मध्ये कोर्ट म्हणालं असल्या जाहिरातीला ते स्वातंत्र्य लागू नाही, पण यादीत मनाला येईल तो आजार घालायची सरकारची मुभा मात्र काढून टाकली. आता यादी वाचा आणि एसटी स्टँडच्या मुतारीची भिंत वाचा.

आपल्या भागातली आणखी एक गंमत, मुंबई राज्यात १९४९ ला दारूबंदी आली, तेव्हा अल्कोहोलवाली औषधंही त्या जाळ्यात. १९५१ मध्ये बालसारा केसमध्ये सुप्रीम कोर्टाने औषधं आणि कोलनवॉटरसारख्या वस्तू बाहेर काढल्या. त्यानंतर कित्येकांना अचानक आल्याच्या टिंचरची, म्हणजे अल्कोहोलमधल्या अर्काची, फार गरज भासायला लागली, पेरुनाची गोष्ट पुन्हा पहिल्यापासून.

यातलं काहीच खरं नव्हतं का?

होतं की. पिंक पिल्समध्ये लोह होतं, रक्त कमी असलेल्या पोरीला त्याचा फायदा होऊ शकतो. लकवा बरा होतो म्हणून छापलं तिथे लोच्या. तो फॉर्म्युला जॉर्ज फुलफर्डने कॅनडात १८९० मध्ये ५३ डॉलर १ सेंटला विकत घेतला होता आणि त्यावर करोडपती झाला. काळ्या बोळाने पोट साफ होतंच. एप्सम सॉल्ट आजही दुकानात आहे.

आजोबांच्या पेटीत अशी बाटली सापडली, काय करू?

पहिलं म्हणजे उघडून वास घेऊ नका, सगळे हेच करतात. आत पारा, सोमल, अफू काहीही असू शकतं. काही शिल्लक असेल तर मोरीत ओतू नका, ओळखीच्या केमिस्टला विचारा. लेबल ओलं करू नका, धुवायचा मोह आवरा. वय बघायचं असेल तर काचेच्या कडेची शिवण बोटाने चाचपा, ती तोंडाच्या खालीच संपत असेल तर बहुतेक तोंड हाताने बनवलंय, साधारण १९१० च्या आधीचं, तोंडावरून पार वर गेली असेल तर मशीनचं. बुचावर कागदी तिकिटाचा तुकडा असेल तर तो जपा, बाटलीपेक्षा त्याची किंमत जास्त.

विकायच्या आहेत का?

नाही. क्लोरोडाईनची छोटी बाटली दीडशे रुपयांना मिळाली होती, तळाला चिकट तपकिरी थर अजून आहे, तिच्यासाठी तर कोणी विचारूच नका. बायकोने ती वरच्या फळीवर, नातवाचा हात पोहोचणार नाही अशी ठेवलीय.